चांदवडकडून आलेला वारा

थंडी आजीला चालायची. थंडी पडावी म्हणून ती देवाला हातसुद्धा जोडायची, कारण थंडीशिवाय गव्हाला फुटवे येत नाहीत आणि हरभऱ्याचे घाटे भरत नाहीत. वारा मात्र तिला चालायचा नाही. मार्गशीर्ष लागला, उत्तरेकडून पहिला गार झोत अंगणात आला, की ती ओट्यावरूनच हाक मारायची, "कान बांध रे, चांदवडकडून वारं सुटलंय." मग आम्ही पोरं कुठेही असलो तरी कानाला काहीतरी गुंडाळायचं. टोपी, टॉवेल, तिच्या जुन्या लुगड्याची पट्टी, काहीही चाले. पाय उघडे असले तरी तिचं काही म्हणणं नसे. कान उघडा दिसला की संपलं. वारं कानातून शिरतं आणि हाडात जाऊन बसतं, हे तिचं ठाम मत होतं, आणि हाडात बसलेलं वारं काढायला पुढं तिच्याच ओव्याच्या पुरचुंडीचा शेक घ्यावा लागे, त्यामुळे वाद घालण्यात अर्थ नव्हता.

आमचं गाव निफाड तालुक्यातलं, गोदावरी आणि कादवा यांच्या मधल्या काळ्या रानातलं. उत्तरेच्या अंगाला चांदवडचे डोंगर, आणि त्यांच्या कपारीत रेणुकामाईचं देऊळ. आजीच्या हिशेबी वारा तिथूनच निघायचा. पुढे शाळेत कळलं की तो फार लांबून येतो. हिमालयात बर्फ पडून गेला की त्याच्या मागोमाग उत्तरेची कोरडी गार हवा खाली सरकते, राजस्थान आणि माळवा ओलांडते, सातपुडा आणि तापीचं खोरं उतरते आणि आमच्या उघड्या रानात येऊन पसरते. वर आभाळ निरभ्र असतंच. मग रात्री जमीन अशी काही निवते की सकाळी मातीला हात लावला तर बोटं बधिर होतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रावरचा पारा म्हणूनच दर हिवाळ्यात वर्तमानपत्रांत येतो, आणि अनेकदा तो राज्यातला नीचांक असतो. हे सगळं मी आजीला मोठ्या उत्साहानं सांगितलं होतं. तिनं शेंगा फोडता फोडता ऐकून घेतलं आणि म्हणाली, "म्हंजे शेवटी रेणुकामाईच्या डोंगरावरूनच आलं ना?" खरंच होतं तिचं.

त्या दिवसांतलं घर मला वासांनी आठवतं. पहाटे अंगणात शेकोटी पेटायची. तुराट्या, बाजरीचं सरमाड, वर एखादी गोवरी. त्या धुराला एक गोडसर वास असे. भोवती घोंगड्या पांघरून बसलेली माणसं. घोंगडी सणगराकडची, काळ्या मेंढ्यांच्या लोकरीची, चिंचोक्याची खळ दिलेली. नवी असताना ती इतकी ताठ असे की अंगावर घेतली तरी अंगापासून वेगळीच उभी राही, आणि गालाला टोचे. पण वारा तिच्यातून आत येत नसे, हा तिचा मोठा गुण. रात्रीच्या जेवणाला हुलग्याचे शेंगोळे. आजी ते लसणाच्या आणि मिरचीच्या वाटणात असे रटरटवायची की पहिल्या घासालाच कानशिलं गरम व्हायची. शेंगोळे नसतील तेव्हा हुलग्याचं माडगं, किंवा बाजरीची भाकरी चुलीतून काढून सरळ ताटात, वर तेल आणि लाल ठेचा. हल्ली हॉटेलांच्या पाट्यांवर शेंगोळे दिसतात तेव्हा मला बरं वाटतं, पण त्यांत हुलग्यापेक्षा गव्हाचं पीठ जास्त असतं असं माझी जीभ मला सांगते.

शेकोटीभोवती तात्यांची, म्हणजे माझ्या आजोबांची, जागा ठरलेली होती. गोठ्याच्या भिंतीला पाठ लावून, दक्षिणेकडे तोंड करून. आग थोडी लांब पडली तरी चालेल, पण पाठीला वारा लागता कामा नये. "आगीपाशी बसू नको, आडोशाला बस," असं ते सगळ्यांना सांगत. आता कळतं की ते शास्त्राला धरून होतं. माणसाच्या अंगाभोवती त्याच्याच उबेचा एक पातळ थर असतो, वारा तो सतत उडवून नेतो, आणि म्हणून पारा तेवढाच असला तरी वाऱ्यात माणूस जास्त गारठतो. तात्यांनी हे पुस्तकात वाचलेलं नव्हतं. ते हे दुसऱ्या महायुद्धात, इटलीत शिकले होते.

तात्या मराठा लाइट इन्फन्ट्रीत होते. भरती कुठल्या साली झाली याबद्दल घरात दोन मतं होती. थोरल्या काकांच्या मते ४१ साली, आत्याच्या मते त्याच्या पुढच्या वर्षी. बेळगावला शिकले, मुंबईहून बोटीत बसले, बसऱ्याच्या धुळीत काही काळ काढला आणि मग इटलीला उतरले, एवढा रस्ता नक्की. मी मोठेपणी पुस्तकं धुंडाळली तेव्हा तो रस्ता आठव्या हिंदी डिव्हिजनच्या रस्त्याशी जुळला. ही डिव्हिजन इराक, इराण, सीरिया असं फिरून सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीच्या टाचेत टारांटो बंदरावर उतरली. इटलीत लढलेले हिंदुस्थानी सैनिक सुमारे पन्नास हजार. त्यांतले ५,७८२ परत आले नाहीत. त्यांत हिंदू-शीख जवानांना तिथेच अग्नी दिला गेला आणि त्यांची नावं सांग्रो नदीकाठच्या आणि फोर्लीच्या स्मारकांवर कोरलेली आहेत. त्या याद्यांत जाधव, शिंदे, पवार, मोरे अशी आपल्याकडची आडनावं एकाखाली एक येतात.

पण तात्यांनी आम्हाला लढाई कधी सांगितली नाही. आम्ही पोरं विचारायचो, "किती माणसं मारली?" ते म्हणायचे, "तिथं वारं लई होतं." आम्हाला वाटे ते टाळतायत. टाळतच असतील. पण वाऱ्याबद्दल मात्र ते इतकं बारीक बोलत की त्यातून लढाईही थोडी थोडी दिसे. पहिल्या हिवाळ्यात एका नदीला पूर आला होता आणि बांधलेले पूल वाहून गेले होते. भिजलेल्या कपड्यांनी रात्र काढायची, आणि समुद्राकडून वारा. ती नदी सांग्रो असणार, कारण नोव्हेंबर १९४३ मध्ये तिला असाच पूर आला होता आणि आठवी डिव्हिजन तिथेच होती. तात्यांना नाव आठवत नसे. "कादवेएवढीच नदी, पण पाणी बर्फाचं," एवढंच. दुसऱ्या वर्षी डोंगरात चिखल इतका की गाड्या बंद पडल्या आणि सामान खेचरांवर चढवायचं. खेचरांना वाऱ्याची दिशा माणसाआधी कळते, असं ते सांगत. खेचर पाठ फिरवून उभं राहिलं की आपणही त्याच्या आडोशाला उभं राहायचं. एका खेचराचं त्यांनी नावही ठेवलं होतं. ते आत्याला माहीत होतं, आणि आता आत्याही नाही.

त्यांची सर्वांत मोठी गोष्ट तिथल्याच एका डोंगरी गावातली. १९४४ च्या नाताळात आठव्या डिव्हिजनला घाईघाईनं पश्चिमेकडे, सेर्किओ नदीच्या खोऱ्यात हलवलं. तिथे अमेरिकेच्या ९२व्या डिव्हिजनवर जर्मन हल्ला आला होता, त्यांच्या मदतीला. एका बाजूला अपेनाइनचे डोंगर, दुसऱ्या बाजूला कॅराराच्या संगमरवराचे. तात्या सांगत, "समोरचा डोंगर पांढरा, आता तो बर्फ का दगड, ते काय उमगंना." मला लहानपणी हे अतिशयोक्त वाटे. पुढे चित्रं पाहिली आणि दिसलं की संगमरवराच्या त्या खाणी उन्हाळ्यातही बर्फासारख्याच दिसतात.

तिथे एका घरात त्यांची तुकडी एक-दोन रात्री मुक्कामाला होती. घरात एक म्हातारी आणि तिची नात, पुरुष कुणीच नाही. बाहेर वारा असा की दार लावायला दोन माणसं लागत. म्हातारीनं चुलीत ओंडका घातला आणि या लोकांना जवळ बसवलं. मग निखाऱ्यांत कसली तरी फळं भाजून प्रत्येकाच्या हातावर ठेवली. भाजलेल्या रताळ्यासारखी लागत होती, तात्या म्हणायचे. त्या खोऱ्यात चेस्टनटची झाडं आहेत, त्यांचं पीठ करून गरीब माणसं हिवाळा काढत, तेव्हा ती चेस्टनटच असणार. यांनी आपल्याकडचा आटा आणि साखर तिला दिली. निघताना म्हातारी तात्यांच्या जवळ आली. ते तेव्हा विशी-बाविशीचे. तिनं दोन्ही हातांनी त्यांचे कान झाकले आणि मोठमोठ्यानं काहीतरी बोलली. मग आपल्या डोक्याचा लोकरीचा रुमाल काढून त्यांच्या कानांवरून बांधला आणि हनुवटीखाली गाठ मारली. "माझ्या आईनं बेळगावला जाताना तेच केलं होतं," असं सांगून तात्या थांबत. आजी तिथेच बसलेली असे. ही गोष्ट तिनं कितीदा ऐकली असेल देव जाणे, पण दरवेळी ती म्हणे, "बरं केलं तिनं."

आणखी एक माणूस तात्यांच्या बोलण्यात यायचा, नामदेव जाधव. "आपल्या संगमनेरकडचा" असं म्हणताना तात्यांचा आवाज वेगळा लागे. संगमनेर तालुक्यातल्या निमजचे नामदेव जाधव ९ एप्रिल १९४५ ला सेनिओ नदीवर कंपनीचे निरोप्ये होते. हल्ल्यात जवळपास सगळे पडले. जाधवांनी दोन जखमी साथीदारांना एकापाठोपाठ एक पाठीवर घेऊन, खोल पाण्यातून आणि सुरुंग पेरलेल्या जमिनीतून मागे पोचवलं, आणि मग परत फिरून शत्रूची मशीनगनची ठाणी एकट्यानं गप्प केली. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्याच्या आधीच्या उन्हाळ्यात, १० जुलै १९४४ ला, माणगावकडच्या यशवंत घाडगे यांनी तायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात जीव दिला होता आणि त्यांनाही मरणोत्तर तोच मान मिळाला. इटलीतल्या मोंतोने गावात २०२३ साली घाडगे यांच्या नावानं एक स्मारक उभं राहिलं, सावलीवरून वेळ दाखवणारं घड्याळ आहे ते. ही बातमी वाचली तेव्हा ती सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं, आणि मला ते फार लागलं.

आता आजीची बाजू. तात्या लढाईवर गेले तेव्हा तिचं लग्न नुकतंच झालेलं. घरात सासू, दोन लहान दीर, एक विहीर, एक बैलजोडी. कापड कंट्रोलचं, साखर कंट्रोलची, रॉकेल मिळेल तेव्हा. तात्यांची पत्रं यायची, पण पत्रावर गावाचं नाव नसे, नुसता आकडा. ते कुठे आहेत, काय करतायत, काही लिहायची मुभा नव्हती. मास्तर पत्र वाचून दाखवत. "मी खुशाल आहे, तुमची खुशाली कळवावी" असा मजकूर, आणि मनिऑर्डर. आजीला वाचता येत नव्हतं, पण पत्र वाचून झालं की ती ते कपाळाला लावून ठेवून देई, असं तिची धाकटी जाऊ मला सांगायची. आजीनं स्वतः हे कधी कबूल केलं नाही.

तिच्याकडे एका हिवाळ्याची गोष्ट होती. "ज्या साली भोगीला हरभरा नव्हता" असं ती त्या सालाला म्हणायची. संक्रांतीच्या आधीच्या आठवड्यात वारं सुटलं आणि मग एका रात्री ते एकदम पडलं. पहाटे सासूबरोबर मोट धरायला ती विहिरीवर गेली तर थारोळ्यातल्या पाण्यावर काचेसारखा पापुद्रा. तिनं बोट लावलं आणि तो मोडला. तिला वाटलं कुणी करणी केली. मोटेचं कातडं लाकडासारखं कडक झालेलं, नाडा हाताला कापत होता. बैल पुढे जायला तयार होईनात. सासूनं स्वतःच्या अंगावरची घोंगडी काढून बैलाच्या पाठीवर टाकली आणि आजीला म्हणाली, "आपल्याला बोलता येतं, त्याला येत न्हाई." ऊन वर आलं तेव्हा हरभरा काळा पडायला लागला होता. पावटा गेला, वांगी गेली, शेवगा करपला. त्या वर्षी भोगीच्या भाजीत गाजरं, बोरं आणि शेंगदाणेच होते. बाजरीच्या भाकरीला लावायला तीळ मात्र होते, हे ती मुद्दाम सांगे, कारण सासूनं ते मडक्यात जपून ठेवले होते.

ते साल कुठलं, हे तिला सांगता येत नसे. "हे लढाईवर होते तवा," एवढंच. मीही कधी खोलात गेलो नाही. म्हाताऱ्या माणसांच्या गोष्टींना सन विचारणं मला उगाच पोलिसी वाटायचं. पुढे हवामानाच्या जुन्या नोंदी वाचत असताना एका ओळीवर थांबलो. नाशिकचा नीचांक, शून्याच्या आसपास, तारीख ७ जानेवारी १९४५. संक्रांतीच्या आधीचा आठवडा.

मी बराच वेळ त्या तारखेकडे पाहत बसलो. सेर्किओच्या खोऱ्यात आठवी डिव्हिजन त्याच दिवसांत होती. म्हणजे म्हातारीनं तात्यांचे कान बांधले आणि आजीनं थारोळ्यातला बर्फ बोटानं मोडला, ते जवळपास एकाच आठवड्यात. या दोन गोष्टी आम्ही एकाच घरात, एकाच शेकोटीभोवती ऐकल्या होत्या. कधी तात्या सांगत, कधी आजी, आणि सांगताना दुसरं माणूस शेजारीच बसलेलं असे. पण त्या दोघांनी त्या एकमेकींना कधी जोडल्या नव्हत्या. त्यांची इटली, तिची विहीर. मला वाटतं त्या पिढीतल्या पुष्कळ नवराबायकोंचं असंच होतं. सोबत आयुष्य काढलं, आणि सर्वांत कठीण दिवस मात्र वेगवेगळ्या खुंट्यांवर टांगलेले राहिले.

तात्या परत आले तेव्हा अंगावर पलटणीतला बरानकोट होता. राखाडी, जाड, गुडघ्याखाली येणारा. तो पुढे त्यांनी शेतातच वापरला. रात्री गव्हाला दारं धरायला जाताना वर बरानकोट, खाली धोतर, हातात कंदील. कंदिलाच्या जागी पुढे बॅटरी आली, मोटेच्या जागी इंजिन आणि मग वीज, पण पाणी रात्रीचंच राहिलं. आमच्या भागात आजही कित्येक शेतकरी हिवाळ्यात रात्रीच्या विजेवर पाणी भरतात, पाय चिखलात आणि तोंडावर चांदवडकडचा वारा. त्या माणसांबद्दल शहरात जेवढं बोललं जायला हवं तेवढं बोललं जात नाही, असं मला मनापासून वाटतं. बरानकोटाला शेवटी कसर लागली. त्यातला चांगला राहिलेला तुकडा आजीनं एका गोधडीत मधोमध घातला, आणि त्या गोधडीखाली झोपायला आम्ही भावंडं भांडायचो.

आता त्या गव्हाच्या रानात द्राक्षं आहेत. आमच्या भागात द्राक्षाची ओळख जुनी, शेजारच्या ओझरला जयराम कृष्णा गायकवाडांनी १९२५ च्या सुमारास बाग लावली होती. पण आमच्या घरात बाग आली ती फार नंतर. द्राक्षाचं आणि या वाऱ्याचं जमत नाही. मण्यात पाणी उतरायच्या सुमाराला पारा फार खाली गेला की मणी तडकतात, आणि वर्षाचा पैसा दोन पहाटेंत जातो. मग माझा पुतण्या पहाटे बागेत जागोजाग शेकोट्या पेटवतो, विहिरीचं कोमट पाणी ठिबकनं सोडतो, धूर बागेत रेंगाळेल असा कचरा जाळतो. फोनवर त्याला पारा दिसतो. तरी घरातून निघताना तो एकदा अंगणात उभा राहतो आणि उत्तरेकडे तोंड करून वारा बघतो. कानटोपी घातलेली असते, सांगावं लागत नाही.

आजीला मी ती तारखेची गोष्ट सांगितली तेव्हा ती फार थकली होती, पण डोकं ठिकाणावर होतं. हळूहळू, दोनदा सांगितली. इटलीत काय चाललं होतं, इथं काय चाललं होतं, दोन्ही एकाच वेळी. तिला समजलं की नाही याची मला खात्री वाटेना. ती छताकडे बघत होती. मग म्हणाली, "म्हंजे दोघंबी एकाच टायमाला गारठत व्हतो."

"हो."

"मग पत्रात का न्हाई लिवलं त्यांनी?"

मी म्हणालो, "लिहू देत नव्हते गं. सरकार पत्रं फोडून वाचायचं. कुठं आहे, काय चाललंय, काही लिहायचं नाही."

"आगं बाई, लढाईचं नगं लिवू. थंडीचं लिवायला काय हरकत व्हती?"

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं थोडा वेळ जाऊ दिला.

"मी तरी कुठं कळवलं," ती म्हणाली. "हरभरा गेला, त्ये सासूबाईंनी मास्तराला लिवूच दिलं न्हाई. म्हणल्या, पोरगं लांब हाय, जिवाला घोर लावून घेईल. आन ते तिकडं बर्फात." मग माझ्याकडे वळून तिनं विचारलं, "त्या म्हातारीचं पुढं काय झालं असंल रे? डोक्याचा रुमाल तर ह्यांना देऊन टाकला तिनं."